परक्याच्या प्राणांनी फेडलेले ऋण

केवळ करमणुकीसाठी रचलेल्या कथेत नीतीचा प्रश्न शोधू जाणे म्हणजे जत्रेतल्या पाळण्यात बसून खगोलशास्त्राचा अभ्यास करण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. परंतु पाळण्यात बसलेल्यालाही भोवतालची धरणी फिरल्याचा भास होतोच, आणि तो का होतो हा प्रश्न काही पोरकट नव्हे. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ह्या चित्रपटमालेतील दुसरा भाग, ‘डेड मॅन्स चेस्ट’, २००६ साली प्रदर्शित झाला. गोअर व्हर्बिन्स्की हे त्याचे दिग्दर्शक आणि टेड इलियट व टेरी रॉसिओ हे लेखक. त्यात समुद्री चाचे आहेत, अर्धे माणूस व अर्धे जलचर असे खलाशी आहेत, आणि जहाजे गिळणारा क्राकेन नावाचा सागरी राक्षसही आहे. २००३ सालचा पहिला भाग ज्यांनी हसतखेळत पाहिला, त्यांतील पुष्कळांस हा उत्तरभाग गोंधळाचा वाटला. कोण कोणाच्या बाजूचा, पेटी कोणाला कशासाठी हवी, कोणाचे कोणाशी काय ठरले होते, हे त्यांना उमगेना.

ही तक्रार अगदीच निराधार नाही. तथापि गोंधळ नेमका कोठे आहे, हे शांतपणे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. ह्या कथेतील घटना तशा सरळ आहेत. गुंतागुंत आहे ती करारांची. ह्या चित्रपटातील जवळजवळ प्रत्येक पात्र कोणाच्या तरी देण्यात आहे, आणि ते देणे दुसऱ्या कोणाच्या तरी खिशातून कसे भागवता येईल ह्या विवंचनेत आहे. ही किल्ली हाती आली म्हणजे कथानकाची कुलपे आपोआप उघडतात. परंतु त्याबरोबरच एक जुना व अवघड प्रश्न पुढे उभा राहतो. आपले ऋण परक्याच्या प्राणांनी फिटते काय?

प्रथम कथेचा धागा सोडवून घेऊ. जॅक स्पॅरो ह्या चाच्याचे ‘ब्लॅक पर्ल’ नावाचे जहाज डेव्ही जोन्स ह्या सागरी सत्ताधीशाने समुद्रतळातून वर काढून दिले होते. मोबदला असा ठरला होता, की जॅकने तेरा वर्षे त्या जहाजाचे कप्तानपद भोगावे आणि नंतर शंभर वर्षे जोन्सच्या ‘फ्लाइंग डचमन’ जहाजावर चाकरी करावी. तेरा वर्षे संपली, तगादा आला. इकडे विल टर्नर व एलिझाबेथ स्वान ह्या जोडप्यास ऐन विवाहाच्या दिवशी व्यापारी कंपनीचा अधिकारी लॉर्ड बेकेट ह्याने कैद करविले. पहिल्या भागात त्यांनी जॅकला पळून जाण्यास मदत केली, हा त्यांचा अपराध. सुटकेसाठी विलने जॅकजवळचे होकायंत्र आणून द्यावे, अशी बेकेटची अट. हे होकायंत्र उत्तर दिशा दाखवीत नाही. धारण करणाऱ्याला जे सर्वाधिक हवे असेल त्याची दिशा दाखविते.

आता ती पेटी. तिच्यात डेव्ही जोन्सचे धडधडते हृदय आहे. ज्याच्या हाती हृदय त्याच्या हाती जोन्स, आणि ज्याच्या हाती जोन्स त्याच्या हाती समुद्र. म्हणून बेकेटला ती हवी. विलचा बाप बूटस्ट्रॅप बिल जोन्सच्या जहाजावर बंदी आहे. त्याला मुक्त करण्यासाठी विलला ते हृदय भोसकावयाचे आहे. जॅकला मात्र ते जिवंत हवे, कारण जोन्स मेला तर पाठीमागे लागलेल्या क्राकेनला परत कोण बोलावणार? आणि नॉरिंग्टन नावाच्या पदच्युत आरमारी अधिकाऱ्यास ते बेकेटच्या पायाशी ठेवून आपली गेलेली प्रतिष्ठा परत मिळवावयाची आहे. क्रूसेस बेटावर हे तिघे एकमेकांवर तलवारी उपसतात, तेव्हा कोणी कोणाचा वैरी नसून प्रत्येकाचे देणे निराळे आहे, एवढेच प्रेक्षकाने ध्यानात धरले म्हणजे पुरे. शेवटी सर्वांच्या डोळ्यांत धूळ फेकून ते हृदय नेतो नॉरिंग्टन.

आता जॅकच्या कर्जाकडे वळू. तगादा आल्यावर तो एक वकिली मुद्दा काढतो. कराराप्रमाणे आपण तेरा वर्षे कप्तान असावयास हवे होतो, परंतु दोनच वर्षांत खलाशांनी बंड करून आपल्याला पदावरून हाकलले. जे भोगलेच नाही त्याचे मोल कसले, असा त्याचा युक्तिवाद आहे. जोन्सचे उत्तर मार्मिक आहे. त्याच्या मते तो कप्तान वाईट असेल, पण कप्तान होताच. आणि एवढी सर्व वर्षे तो स्वतःची ओळख कप्तान म्हणूनच करून देत होता. प्रेक्षक येथे हसतात. परंतु हा वाद इंग्रजी न्यायालयांस नवा नाही. १६४७ साली पॅराडाइन विरुद्ध जेन ह्या खटल्यात एका खंडकऱ्याने असाच बचाव मांडला होता. यादवी युद्धात राजपुत्र रूपर्टच्या सैन्याने त्याला जमिनीवरून हुसकून लावले; जमीन ताब्यात नसताना खंड कशाचा द्यावा? न्यायालयाने सांगितले, की ज्याने बिनशर्त वचन दिले त्याने ते बिनशर्त पाळले पाहिजे. अपवाद हवा होता तर तो करारातच घालून ठेवावयाचा होता. पुढे दोन शतकांनी, १८६३ साली, टेलर विरुद्ध कॉल्डवेल ह्या खटल्यात दृष्टी पालटली. भाड्याने ठरविलेले संगीतगृह कार्यक्रमापूर्वीच जळून गेले, तेव्हा ज्या वस्तूवर सारा करार उभा होता तीच नष्ट झाल्यामुळे उभय पक्ष मोकळे झाले. आपल्याकडील १८७२ च्या करार कायद्याच्या छपन्नाव्या कलमात हेच तत्त्व आले आहे.

जॅकचे प्रकरण ह्यांपैकी कोणत्या कोटीतले? माझ्या मते त्याला पहिलाच न्याय लागू पडतो, आणि त्याचे कारण चाच्यांच्या खऱ्या इतिहासात आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या चाच्यांच्या जहाजांवर लेखी नियम असत. बार्थॉलोम्यू रॉबर्ट्सच्या टोळीचे नियम १७२४ साली लंडनमध्ये निघालेल्या एका ग्रंथात छापलेले आहेत. त्यांत महत्त्वाच्या बाबतीत प्रत्येकास मत आहे. कप्तान खलाशांनी निवडावा आणि नालायक ठरल्यास त्यांनीच त्याला काढावा, असा त्या धंद्याचा रिवाज होता. तेव्हा चाच्यांच्या कप्तानाविरुद्ध झालेले बंड ही वादळासारखी किंवा आगीसारखी आपत्ती नव्हे. ते त्या पदाच्या पोटातलेच जोखीम आहे. शिवाय मिरविण्यापुरते पद जवळ ठेवावयाचे आणि भार उचलण्याची वेळ आली म्हणजे ते गेले होते म्हणावयाचे, हे बोलणे कोणत्याही न्यायासनापुढे टिकू नये. कर्ज खरे आहे. ते जॅकचे आहे.

पण खरी परीक्षा ह्यापुढेच आहे. आपले कर्ज खरे आहे असे कळल्यावर मनुष्य काय करतो? जॅकने विलला भुलवून जोन्सच्या जहाजाकडे धाडलेच होते. आता तो म्हणतो, की हा घे एक जीव, माझी भरपाई झाली. जोन्स ती बरोबरी मानीत नाही, तेव्हा जॅक लगेच भावाची घासाघीस सुरू करतो. एका जॅकच्या बदली किती जीव? आकडा ठरतो शंभर, मुदत तीन दिवसांची. विल विसार म्हणून जोन्सच्या जहाजावर राहतो आणि उरलेले नव्याण्णव गोळा करण्यासाठी जॅक टॉर्टुगा बंदरातील गुत्त्यात खलाशांची भरती मांडतो. एका निरपराध मित्राला आपल्या नावावर दास्यात लोटून तू सुखाने जगू शकशील काय, असे जोन्स त्याला विचारतो. जॅकचे उत्तर होकारार्थी असते.

हा सर्व प्रसंग हास्यरसात बुडविलेला आहे. पण ज्या समुद्रावर तो घडतो त्या समुद्राचा इतिहास आठवला म्हणजे हसू ओठांवरच थिजते. एक्सक्वेमेलिन हा कॅरिबियन चाच्यांमध्ये राहिलेला लेखक. त्याचा ग्रंथ १६७८ साली डच भाषेत निघाला. लढाईत अवयव गमावलेल्या साथीदारास किती भरपाई द्यावी, ह्याचा चाच्यांचा दरपत्रक त्याने नोंदविला आहे. उजवा हात गेल्यास सहाशे स्पॅनिश नाणी किंवा सहा गुलाम. डाव्या हातास पाचशे नाणी किंवा पाच गुलाम. एका डोळ्यास शंभर नाणी किंवा एक गुलाम. ह्या दरपत्रकाची वाखाणणी अनेकदा झाली आहे, आणि ती अगदी अस्थानी नाही, कारण जखमी सोबत्याची एवढी काळजी त्या काळच्या राजांच्या आरमारांनीही क्वचितच घेतली. परंतु त्या तक्त्याचा दुसरा रकाना पाहा. एका माणसाच्या एका डोळ्याची किंमत म्हणजे दुसरा एक सबंध माणूस. आपापसात समतेने वागणाऱ्या त्या बंधुसंघाला ह्यात काही विसंगत दिसले नाही. चित्रपटातील जॅक शंभर जिवांचा हिशेब करतो तेव्हा लेखकांनी काही अद्भुत कल्पिले असे आपल्याला वाटते. वस्तुतः कॅरिबियन समुद्रावर ते रोजचे जमाखर्चाचे काम होते.

आणि हा दोष केवळ त्या समुद्राचा आहे असे समजून आपण निश्चिंत होऊ नये. ऐतरेय ब्राह्मणाच्या सातव्या पंचिकेत शुनःशेपाची कथा आहे. निपुत्रिक हरिश्चंद्र राजाने वरुणास वचन दिले, की पुत्र झाला तर त्याच पुत्राने तुझे यजन करीन. रोहित जन्मला. वरुणाचा तगादा आला. दहा दिवस होऊ देत. दात येऊ देत. ते पडू देत. पुन्हा येऊ देत. कवच धारण करण्याचे वय होऊ दे. अशा मुदती राजा मागत गेला. शेवटी मुलगाच धनुष्य घेऊन अरण्यात निघून गेला आणि वचन मोडल्यामुळे राजाला जलोदर झाला. सहा वर्षे भटकल्यावर रोहिताला अजीगर्त नावाचा उपाशी ब्राह्मण भेटला. त्याला तीन मुलगे. थोरला बापाला सोडवेना, धाकटा आईला सोडवेना, म्हणून मधला शुनःशेप शंभर गाईंना विकला गेला. वरुणानेही हा बदली जीव मान्य केला. पुढे यज्ञात त्याला यूपास बांधावयास कोणी धजेना, तेव्हा आणखी शंभर गाई घेऊन बापानेच बांधले. मारावयासही कोणी तयार होईना, तेव्हा आणखी शंभरांच्या बोलीवर बापच शस्त्र परजू लागला. शुनःशेपाने देवांचा धावा केला आणि त्याचे पाश एकामागून एक गळून पडले. अजीगर्ताने नंतर मुलगा परत मागितला. मुलाने त्याच्याकडे जाण्याचे नाकारले व तो विश्वामित्राचा पुत्र झाला.

ऋण राजाचे, फेडावयाचे राजपुत्राने, आणि फेडीत होता कोण, तर ज्याला त्या वचनाची वार्ताही नव्हती असा एक दरिद्री मुलगा! हरिश्चंद्र दुष्ट नव्हता. रोहिताला जगावेसे वाटले ह्यात पाप नव्हते. अजीगर्तालाही भूक होती. प्रत्येकाजवळ कारण होते. कारण नव्हते ते फक्त शुनःशेपाजवळ, आणि त्यालाच कोणी विचारले नाही.

आता चित्रपटातील दुसरा एक व्यवहार ह्याच्या शेजारी ठेवून पाहू. जोन्सच्या जहाजावर विल त्याच्याशी फाशांचा खेळ मांडतो. विलचा पण आहे जन्माची चाकरी, जोन्सचा पण पेटीची किल्ली. विल हरण्याच्या बेतात असताना बूटस्ट्रॅप बिल मध्येच खेळात शिरतो, तोच पण लावतो, आणि जाणूनबुजून अशक्य बोली बोलून स्वतः हरतो. डाव संपतो, मुलगा सुटतो, बाप कायमचा अडकतो. विलला जिंकावयाचे नव्हतेच, किल्ली कोठे असते एवढेच त्याला पाहावयाचे होते, हे पुढे कळते आणि हरलेल्या बापाचा त्याग अधिकच कारुण्यपूर्ण होतो. येथेही एका जिवाच्या बदली दुसरा जीव दिला गेला. मग जॅकच्या व्यवहारात आणि ह्या व्यवहारात फरक कोणता? हिशेब दोहोंकडे सारखाच आहे. फरक एवढाच, की एकाने दुसऱ्याचा जीव दिला आणि दुसऱ्याने स्वतःचा. परंतु विक्री आणि त्याग ह्यांमधले सगळे अंतर ह्या ‘एवढ्याच’ फरकात सामावलेले आहे.

येथवर मार्ग सरळ होता. एलिझाबेथच्या कृत्यापाशी तो बिकट होतो, आणि प्रेक्षकांचा सर्वाधिक वाद ह्याच स्थळी होतो हे योग्यच आहे. क्राकेन ‘ब्लॅक पर्ल’वर तुटून पडला आहे. जॅक होडीत बसून पळाला होता. पण हातातल्या होकायंत्राकडे पाहून तो परत फिरला, आणि त्याच्या गोळीने दारूची पिंपे उडून राक्षस काही काळ मागे हटला. उरलेले लोक होडीत उतरू लागतात. एलिझाबेथला कळून चुकते, की राक्षसाला जहाज नको, माणसे नकोत, केवळ जॅक हवा आहे. ती त्याचे चुंबन घेते आणि त्याच क्षणी त्याला डोलकाठीशी बेडीने जखडते. जॅक जहाजासह बुडतो, इतर वाचतात. आणि होडीत आल्यावर ती सांगते, की तो आपण होऊन मागे राहिला.

समुद्रावर एकाला देऊन बाकीच्यांनी जगावे काय, हा प्रश्न १८८४ साली इंग्लंडच्या न्यायालयापुढे प्रत्यक्षात आला होता. ‘मिग्नोनेट’ नावाची नौका बुडाल्यावर चार माणसे एका लहान होडीत उरली. अन्नपाण्यावाचून कित्येक दिवस गेल्यावर डडली व स्टीफन्स ह्यांनी आजारी पडलेल्या रिचर्ड पार्कर ह्या सतरा वर्षांच्या पोऱ्यास ठार केले व त्याच्या मांसावर तिघे जगले. गरज हा खुनाचा बचाव होऊ शकत नाही, असा निकाल झाला. फाशीची शिक्षा सांगितली गेली आणि मागाहून ती सहा महिन्यांच्या कैदेवर आणली गेली. न्यायालयाने तत्त्व सोडले नाही आणि दयेचा मार्गही बंद केला नाही.

एलिझाबेथची बाजू डडलीपेक्षा बळकट आहे हे मान्य केले पाहिजे. पार्कर कोणाचे देणे लागत नव्हता. तो दुबळा होता एवढाच त्याचा दोष. उलट क्राकेन आला होता तो जॅकच्या कर्जापायी. होडीतल्या इतरांस त्या संकटात कोणी त्यांना विचारून ओढले नव्हते. ज्याचे ऋण त्याच्याच पदरी ते तिने घातले, असा तिचा बचाव करता येईल, आणि तो पोकळ नाही. मग मनाला खुपते ते काय?

खुपते ते हे, की तिने त्याला विचारले नाही. विचारण्यास वेळ कोठे होता, असे कोणी म्हणेल. पण ज्या वेळात चुंबन घेता येते त्या वेळात एक वाक्यही बोलता येते. आणि जॅक तर परत आलेला होता. ज्याचे अंतर्याम दाखविणाऱ्या यंत्राने त्याला सुटकेच्या किनाऱ्याऐवजी बुडत्या जहाजाकडे वळविले, त्याने त्या वाक्याला काय उत्तर दिले असते हे कोणी सांगावे? कदाचित तो हो म्हणाला असता. मग जे कृत्य घडले तेच घडले असते, पण ते जॅकचे झाले असते. आयुष्यात प्रथमच त्याने आपले कर्ज आपल्या हाताने फेडले असते. ती संधी तिने त्याच्यापासून हिरावून घेतली. आणि तो नाही म्हणाला असता तर? तर प्रश्न फार कठीण झाला असता, ह्यात संशय नाही. तिला बळाचा उपयोग उघडपणे करावा लागला असता आणि त्याचा जबाब साऱ्यांपुढे द्यावा लागला असता. बहुतांच्या प्राणांसाठी तेही समर्थनीय ठरले असते, असे म्हणणारे विचारवंत आहेत. मी त्यांच्याशी येथे भांडत नाही. मी एवढेच म्हणतो, की ज्या कृत्याविषयी आपल्याला दुसऱ्या क्षणी खोटे बोलावे लागते, त्याचे समर्थन आपल्यालाच पुरतेपणी पटलेले नसते. तो आपण होऊन राहिला, ह्या थापेत तिने त्याला नेमकी तीच गोष्ट बहाल केली, जी क्षणापूर्वी त्याच्याकडून काढून घेतली होती. अर्थात त्याची संमती.

कथालेखकांनी हे प्रकरण तेथेच मिटविले नाही, हे त्यांच्या विवेकाचे लक्षण होय. २००७ सालच्या तिसऱ्या भागात त्याच माणसाला परत आणण्यासाठी सगळ्यांना जगाच्या टोकापर्यंत जावे लागते, आणि लपविलेली गोष्ट उघडी होते. त्या भागात डेव्ही जोन्सचा पूर्ववृत्तांतही कळतो. प्रियेने नेमून दिलेले काम त्याने दहा वर्षे निष्ठेने केले आणि भेटीच्या दिवशी ती आली नाही; मग त्याने तिचा घात करविला, हृदय काढून पेटीत ठेवले, आणि समुद्रात मेलेल्यांना पैलतीरी नेण्याचे कर्तव्यही सोडून दिले. ज्याच्याशी झालेला करार एकदा मोडला, तो पुढे इतरांचे करार अक्षरशः वसूल करू लागला. निष्ठुर सावकार बहुधा असेच घडतात.

हे सगळे चाच्यांपुरते आहे असे मानून वाचकांनी मासिक मिटू नये. आपल्या सुशिक्षित, सभ्य घरांतही ऋणे असतात आणि त्यांची फेड नेहमी ऋणकोच करतो असे नाही. बापाने घराण्याच्या नावाखातर काढलेले कर्ज मुलाच्या तारुण्यातून फिटते. एका भावाच्या परदेशी शिक्षणासाठी बहिणीचे शिक्षण थांबते. आजाऱ्याच्या उशाशी कोणी बसावयाचे हे न ठरविताच ठरलेले असते, आणि तीच एक व्यक्ती वर्षानुवर्षे तेथे बसलेली दिसते. ह्यांपैकी प्रत्येक गोष्ट आवश्यक असू शकेल. प्रत्येक घरापाशी हरिश्चंद्राइतकी चांगली कारणे असतील. मग पाहुण्यांपुढे आपण कौतुकाने सांगतो, की तिने आपण होऊन सगळे पत्करले. ते खरेही असेल. परंतु तसे सांगण्यापूर्वी, ज्या मधल्या मुलाला किंवा मुलीला आपण तसे म्हणतो, त्याला अथवा तिला निदान एकदा समोर बसवून विचारले होते काय, आणि उत्तर नकारार्थी आले असते तर ते ऐकून घेण्याची आपली तयारी होती काय, एवढे ज्याने त्याने आपल्या घरी तपासून पाहावे.